चारशेव्या मीटरची सावली

आमच्या गावाचं नाव गोर्नो ब्लातो, म्हणजे वरची दलदल. खालची दलदल कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. बहुतेक ती वरच्या दलदलीच्या खालीच असावी. अशा गावात विमानतळ बांधायचं राजधानीत ठरलं, कारण म्हणे नकाशावर आमचं गाव अगदी सपाट दिसत होतं. दिसणारच! दलदल कधी डोंगराएवढी उंच पाहिलीय का कोणी?

साल एकोणपन्नास. लढाई संपून चार वर्षं झाली होती. माझा नवरा यानको द्रावा नदीच्या काठावर पडला, त्यालाही चार वर्षंच झाली होती. घरात मी आणि माझे सासरे, दोघंच. सासरे म्हणजे उस्ताद मिंचो. एकाहत्तर वर्षांचा गवंडी, सतरा पूल बांधलेला. सतरापैकी एकही पडला नाही. एक तर जर्मनांनी जाता जाता सुरुंग लावून उडवला, तोही हवेत जाऊन पुन्हा जागेवर बसला असं ते सांगायचे. त्यांना धावपट्टीच्या कामावर खडीचे थर बघायला ठेवलं होतं. त्यांच्या मते धावपट्टी म्हणजे आडवा पडलेला पूल.

यंत्रं आली तेव्हा सगळ्या बाप्यांनी दोन बुलडोझरांवर उड्या टाकल्या. मागे राहिला तो वाफेवरचा रोलर. बारा टनांचा, जर्मनांनी सोडून दिलेला, धुराड्याला भोक पडलेलं. पक्षाचे सेक्रेटरी कॉम्रेड कालचेव म्हणाले, "हा कोण घेतो?" कोणी बोलेना. मी म्हटलं, मी घेते. सगळे हसले. त्यांचं हसू ओसरेपर्यंत मी वर चढून बसलेही होते. त्याच्या पोटावरची जर्मन अक्षरं खरवडून मी तिथे "ग्रोझ्दा" लिहिलं. ग्रोझ्दा माझी आत्या. तीही अशीच हळू चालायची आणि वाटेत येईल ते सपाट करायची. तेव्हापासून तो रोलर "ती" झाला. लग्न काय, वैधव्य काय, मला विचारून कोणी दिलं नव्हतं. आयुष्यात मी हात वर करून मागून घेतलेली ही पहिली वस्तू, म्हणून तिच्यावर माझा जीव होता.

तर धावपट्टी बाराशे मीटरची. अकराशे नव्वद मीटर नीट झाली. चारशेव्या मीटरपाशी दहा पावलांचा एक तुकडा होता, तो खचायचा. दलदलीनं तिथे तोंड उघडं ठेवलं होतं म्हणा ना. पहिल्यांदा खचला तेव्हा इंजिनिअर लांब्रेव यांनी चाळीस गाड्या दगड ओतवला. दलदलीनं तो गिळला. मग गावकऱ्यांनी कोंबडा कापून घातला, पुन्हा खडी, पुन्हा डांबर, पुन्हा मी आणि ग्रोझ्दा. आठवड्यात खचला. मग मेंढा कापला. मेंढा इंजिनिअरसाहेबांच्या कागदात "खनिज तेल, इतर" म्हणून लागला, आणि त्याचं कालवण त्यांनी स्वतः दोनदा मागून घेतलं. पाऊस झाला आणि तिसऱ्यांदा खचला.

तेव्हा उस्ताद मिंचो खड्ड्याच्या काठावर बसले, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "कोंबडं-मेंढरू काय मागतेय ती! तिला सावली पाहिजे."

बस्स. दोनशे माणसांच्या कामकरी ब्रिगेडच्या तोंडचं पाणी पळालं.

सगळ्यांना ठाऊक होतं. पूल असो, घर असो, पाणवठा असो, राखणदाराशिवाय टिकत नाही. पूर्वी जिवंत माणूस चिणायचे. मग माणसं शहाणी झाली आणि सावलीवर भागवू लागली. चालत्याबोलत्या माणसाची सावली दोरीनं मोजायची आणि ती दोरी पायाच्या दगडांत पुरायची. बांधकाम उभं राहतं, आणि ज्याची सावली मोजली तो चाळिसाव्या दिवशी आडवा होतो, राखणदार होऊन त्या दगडात राहतो. माझा यावर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. पण विषाची परीक्षा कोण घेणार?

दुसऱ्या दिवसापासून कामावर उन्हात माणूस दिसेना. सकाळी सावल्या लांब पडतात म्हणून कोणी अकराच्या आत फावडं उचलेना, आणि तीननंतर सावल्या पुन्हा वाढतात म्हणून तीनला फावडी खाली. बुलडोझरवाले टपाखालून उतरायचे नाहीत, जेवण वर द्यावं लागायचं. एकानं शहाणपणा करून छत्री आणली, तर सावली आणखी मोठी पडली. बिचारा ती छत्री तिथेच टाकून पळाला.

कॉम्रेड कालचेव यांनी सभा बोलावली. हा माणूस आधी शिंपी होता. काहीही झालं की आधी कापायचं, मग मोजायचं.

"ठराव क्रमांक चौदा," ते म्हणाले. "या कामावर माणसाची सावली मोजायला सक्त मनाई आहे."

लांब्रेव उठले. "पण कॉम्रेड, सावली मोजून काही होतच नाही. जे नाहीच त्याला मनाई कशाला?"

"नसेल तर मनाई मोडली जाणार नाही. झालं तर मग!"

मनाई झाली म्हणजे गोष्ट खरीच, अशी आता सगळ्यांची खात्री पटली. कालचेवना ते कळलं, म्हणून त्यांनी ठराव पंधरा काढला. कामावरच्या सगळ्या दोऱ्या, सुतळ्या, मोजपट्ट्या जमा करा. इंजिनिअरची फीत कपाटात कुलपात गेली. बुटांच्या नाड्याही गेल्या. दोनशे माणसं सैल बुटांनी ताज्या डांबरावरून चालायची आणि अनवाणी पलीकडे निघायची. फीत नाही म्हणून लांब्रेव धावपट्टीची रुंदी पावलांनी मोजू लागले. सकाळी त्यांच्या टांगा लांब पडायच्या, जेवल्यावर आखूड. म्हणून आमची धावपट्टी आजही पूर्वेला रुंद आणि पश्चिमेला अरुंद आहे. वरून पाहिलं तर पायजम्याचा एक पाय वाळत घातलाय असं वाटतं.

हसायला ठीक होतं. पण त्याच सभेत कालचेव शेवटी म्हणाले, "नऊ सप्टेंबरला पाहुण्यांचं विमान उतरणार. चौथ्यांदा जर हे खचलं, तर तो अपघात नव्हे, घातपात. आता सांगा, चारशेवा मीटर दाबला कोणी?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"मी," म्हटलं. "आणि तिन्ही वेळा चांगला दाबला."

"चांगला दाबला, मग खचला कसा?"

"दलदलीला विचारा!"

"दलदलीवर खटला भरता येत नाही, कॉम्रेड रुसाना."

घातपाताच्या खटल्यातून माणूस कुठे जायचा हे तेव्हा शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बाबा, म्हणजे माझे सासरे, मागच्या बाकावर बसले होते. घरी आल्यावर घेवड्याचं कालवण समोर ठेवलं, ते तसंच ठेवून उठले. मी रडले नाही. मला राग आला की भांडी घासायची सवय आहे. त्या दिवशी मी स्वच्छ भांडीही घासली.

एकतीस जुलैच्या सकाळी मी ग्रोझ्दाचा बंब पेटवायला गेले. तिला वाफ धरायला दोन तास लागत, म्हणून मी सगळ्यांच्या आधी जायचे. मागोमाग बाबा आले. खड्डा दगडांनी भरून तयार होता, फक्त वरचे थर बाकी होते. ऊन चांगलं पडलं होतं.

"सूनबाई, दोरी आहे?"

"दोरी जमा केली ना सगळी."

"तुझ्या एप्रनची नाडी काढ."

मी समजले. "नाही हं, बाबा. सांगून ठेवते."

"अगं, म्हातारी सावली ही. ठेवून काय लोणचं घालायचंय? आणि मी काही फुकट मरत नाहीये. अठरावा पूल होईल माझा."

"मग तुमचं तुम्ही मोजा!"

"स्वतःची मोजता येत नाही ना, बाई. मोजायला वाकलं की तीही वाकते. नाहीतर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

मी नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्या कुणाकडे गेले असते. दोनशेतल्या कुणीही आनंदानं मोजली असती, स्वतःची सुटली म्हणून. मी नाडी ओढून काढली. बाबा टोपी काढून, पाठ करून, डोळे मिटून उभे राहिले. सावली मोजताना बघायचं नसतं. त्यांची सावली खडीवर लांब पडली होती, खांद्यात जराशी वाकलेली. आणि शेजारी ग्रोझ्दा उभी होती, तिचीही पडली होती. मी वाकले. मग मी नाडी ग्रोझ्दाच्या धुराड्याच्या सावलीवर ठेवली, साधारण माणसाएवढी वाटेल तिथे गाठ मारली आणि कापली.

माझा विश्वास नव्हता, हे पुन्हा सांगते. पण ग्रोझ्दाला मनातल्या मनात म्हटलं, माफ कर गं.

बाबांनी नाडी हातात घेतली, तळहाताभोवती गुंडाळली. गुंडाळता गुंडाळता थांबले. पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली. बराच वेळ.

"नीट मोजलीस ना?"

"नीट."

"उभ्या माणसाचीच मोजलीस ना?"

"मग काय बसलेल्याची मोजू?"

ते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात टपाखाली बसलेले बुलडोझरवाले येताना दिसले. बाबांना विचार करायला सवड मिळाली नाही. तंबाखूच्या डबीत नाडी घालून त्यांनी ती दगडांत सरकवली. तासाभरात वर खडी पडली, मग डांबर, मग मी आणि ग्रोझ्दा. दहादा पुढे, दहादा मागे.

तुकडा खचला नाही. आठ दिवस गेले, खचला नाही. पाऊस आला, गेला, खचला नाही. लांब्रेव रोज सकाळी तिथे जाऊन उडी मारून बघायचे, मग हळूच आणखी एक मारायचे. ब्रिगेडला वाटलं कुणाची तरी मोजली गेली. जो तो दुसऱ्याच्या तब्येतीची चौकशी करू लागला. कोणी शिंकलं की लोक टोप्या काढायचे.

आणि घरात बाबा बदलले.

आधी त्यांनी राकिया, म्हणजे रोजची दारू, सोडली. मग माझ्या खाटेचा डुगडुगणारा पाय, जो यानको असल्यापासून डुगडुगत होता, तो नीट केला. मग बाजारातून माझ्यासाठी लाल रुमाल आणला. कोंबडी केली की दोन्ही तंगड्या माझ्या ताटात. मी म्हणायचे, बाबा, तुम्ही खा. ते म्हणायचे, तू खा गं, तू खा. मला वाटायचं, माणूस निरोप घेतोय. सांगून टाकावं असं शंभरदा ओठांवर आलं, पण सांगितलं की ते सरळ जाऊन दुसऱ्या कोणाकडून मोजून घेतील हे पक्कं होतं. चाळिसावा दिवस सरला की सांगू, मग शिव्या घालेनात का! तोवर त्यांना खाऊ घालायचं, कारण सावली राहिली बाजूला, मनानं घेतलं की माणूस जातो. मी रोज पापुद्र्यांची बानित्सा भाजायचे, चीज दुप्पट घालून. चाळीस दिवसांत आम्ही दोघांनी अकरा कोंबड्या खाल्ल्या. घरातला कोंबडाही शेवटी आमच्याकडे संशयानं बघायला लागला.

कामावरही तेच. ग्रोझ्दाच्या मागे मागे दिवसभर चालायचे. हातात तिपाई घेऊन. मी थांबले की बसायचे, निघाले की उठायचे. लोक म्हणायचे, "उस्ताद, रोलर पळून चाललाय का?" आणि मी? मी ग्रोझ्दाचे नट रोज आवळायचे, तेल दुप्पट घालायचे. तिचं काहीतरी होईल अशी भीती मला का वाटावी? पण वाटायची.

विसाव्या दिवशी कामावरच्या पहारेकऱ्यानं बाबांना चारशेव्या मीटरवर कुदळीसकट पकडलं. डांबराला हातभर भोक पाडलं होतं.

"काय करत होता?" कालचेवनी विचारलं.

"पाईप हरवली. शोधत होतो."

"तुम्ही पाईप ओढता?"

"हरवली म्हणून ओढत नाही."

मी भोक बुजवलं आणि त्यांना हाताला धरून घरी आणलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला आता जगावंसं वाटतंय, नाडी परत काढायचीय त्याला. मी म्हटलं, "बाबा, राहू दे आता. जे व्हायचं ते होऊ दे. मी काही तक्रार करत नाही." या वाक्यावर ते एकदम तोंड फिरवून अंगणात गेले आणि विहिरीचा रहाट, ज्याला काहीही झालं नव्हतं, तो दुरुस्त करत बसले.

नऊ सप्टेंबर उजाडला. चाळिसावा दिवस.

विमान दहाला येणार होतं. त्याआधी ग्रोझ्दानं फुलांच्या माळा घालून धावपट्टीवरून एक शेवटची फेरी मारायची, असा कालचेवांचा हुकूम होता. मी उठले तर माझे बूट गायब. बूट सापडले तर कोळशाचं फावडं गायब.

"आज नको जाऊस," बाबा दारात आडवे उभे. "माझं डोकं दुखतंय."

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. "फार दुखतंय? छातीत नाही ना?"

"तुझ्या छातीत काही होतंय का?"

"मला काय होणार? बाबा, मी फेरी मारली की लगेच येते. मी येईपर्यंत काहीही करू नका."

"काय करू नको?"

"काहीच करू नका! बसून राहा."

"मग मीही येतो. तुझ्याबरोबर वर बसून."

मी नाही म्हटलं नाही. डोळ्यांसमोर तरी राहतील. मी धुऊन ठेवलेला त्यांचा लग्नातला सदरा त्यांनी चढवला आणि आम्ही दोघं ग्रोझ्दावर बसलो. मी हँडल धरलं होतं आणि त्यांनी मला. दंडाला इतकं घट्ट धरलं होतं की वळण घ्यायला जमेना.

बँड वाजत होता. दुतर्फा माणसं उभी होती, सगळी सावलीच्या बाजूला पाठ करून. शंभर मीटर. दोनशे. तीनशे. तिथून बाबा पुटपुटायला लागले. मी म्हटलं, बाबा, श्वास घ्या. ते म्हणाले, तू घे. चारशेव्या मीटरच्या खांबापाशी ग्रोझ्दाच्या पोटात "ठक्" असा आवाज झाला. बंबाच्या तळाचा शिशाचा टाका वितळून सुटला होता. उकळतं पाणी खाली भळाभळा ओतलं, वाफेचा लोट उठला, काही दिसेना. आणि पायाखालची जमीन सावकाश, घाई न करता, खाली जायला लागली.

बाबांनी मला कमरेला धरून उडी टाकली. एकाहत्तर वर्षांचा माणूस! आम्ही खडीच्या ढिगावर पडलो, ते माझ्या वर, दोन्ही हातांनी माझं डोकं झाकून.

"आहेस का? सूनबाई, आहेस का गं?"

"मी आहे! तुम्ही आहात का?"

"मला काय धाड भरलीय!"

"आज चाळिसावा ना तुमचा!"

"माझा कुठला? तुझा!"

वाफ विरत होती. आम्ही खडीवर एकमेकांसमोर बसलो होतो, दोघांची तोंडं काळी.

"माझा कसा?" मी विचारलं.

"बावळट समजतेस का मला? साठ वर्षं दोरीवर काढलीत. ती नाडी हातात घेतली तेव्हाच खटकलं, आणि पुरून झाल्यावर उमगलं. दीड वीत कमी होती. स्वतःची कशी मोजलीस कोण जाणे, पण आपल्या घरात माझ्यापेक्षा दीड वीत कमी कोण आहे?" त्यांचा आवाज फाटला. "चाळीस दिवस मी तुला मरताना बघतोय, रुसाना. एक पोरगा गेला, आता ही चालली. कुदळ घेऊन गेलो तर पकडलं. आणि तू म्हणतेस, राहू दे बाबा, तक्रार नाही!"

मी ग्रोझ्दाकडे बोट दाखवलं. ती पुढच्या चाकापर्यंत आत गेली होती, फुलांच्या माळांसकट.

"तिची मोजली होती मी," म्हटलं. "धुराड्याची."

बाबा ग्रोझ्दाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग त्यांनी मला एक चापट मारली, आयुष्यातली पहिली आणि शेवटची, आणि मला छातीशी धरून हमसून हमसून रडायला लागले. मीही रडले. त्या दिवशी घासायला भांडी नव्हती.

कालचेव बिनानाडीचे बूट फटफटवत धावत आले. "घातपात!" ते ओरडले. तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. पाहुण्यांचं विमान दहा मिनिटं आधी आलं होतं.

दोनशे माणसांनी ग्रोझ्दाला ढकललं. ती तसूभर हलली नाही, उलट दोन बोटं आणखी खाली गेली. विमानानं तीन घिरट्या घातल्या. मग वैमानिकानं काय विचार केला कोण जाणे, तो पलीकडच्या अरुंद टोकाकडून उतरला, उरलेल्या आठशे मीटरवर धावत आला आणि ग्रोझ्दापासून तीस पावलांवर थांबला. दार उघडलं. पाहुण्यांचा पुढारी खाली आला, लठ्ठ, चटकन डोळ्यांत पाणी येणारा माणूस. त्यानं पाहिलं: धावपट्टीच्या मधोमध, फुलं घातलेलं, अर्धं जमिनीत गेलेलं एक यंत्र. भोवती टोप्या काढून उभी असलेली दोनशे माणसं. ढकलताना उकडलं म्हणून काढल्या होत्या. आणि शेजारी एक म्हातारा आणि एक बाई गळ्यात गळा घालून रडताहेत.

त्यानं हातातलं पुष्पचक्र, जे शहराच्या चौकातल्या स्मारकासाठी आणलं होतं, ते ग्रोझ्दाच्या धुराड्याला अडकवलं आणि दोन मिनिटं मान खाली घालून उभा राहिला. मग पोटावरचं नाव वाचून हळूच विचारलं, "ही ग्रोझ्दा कोण होती?"

कालचेव लांब्रेवांकडे बघायला लागले. लांब्रेव पुढे झाले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोजमाप न करता उत्तर दिलं. "आमच्या ब्रिगेडमधली सर्वात कष्टाळू. आपल्या जागेवर, काम करताना गेली."

"आणि हे?"

"घरचे," लांब्रेव म्हणाले.

हे सगळं वर्तमानपत्रात आलं. तेव्हा ग्रोझ्दा यंत्र आहे असं कोणी लिहिलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. घातपाताच्या चौकशीचा कागद कालचेवांनी गुपचूप शेगडीत घातला. हुतात्म्याच्या घरच्यांवर खटला कसा भरणार? महिनाभरानं राजधानीतून जाड कागदावर एक सन्मानपत्र आलं. "ग्रोझ्दा यांच्या कुटुंबीयांस." खाली दोन शिक्के. वर एक टीप होती, की मृताची उंची आणि वजन रकान्यात भरून परत पाठवावं. मी खरं तेच भरलं. बारा टन. उत्तर आलं नाही.

लांब्रेवांनी ग्रोझ्दाला बाहेर काढायचा विचारच केला नाही. ते म्हणाले, बारा टनांचा एवढा चांगला भराव पुन्हा मिळायचा नाही. धुराडं कापलं, भोवती दगड रचले, वर डांबर. दाबायला रोलर नव्हता म्हणून दोन बुलडोझर आठवडाभर वरून फिरले. मी काठावर उभी राहून बघत होते. दुसरा रोलर आला तो डिझेलवरचा, आणि त्याच्याबरोबर त्याचा बाप्या ड्रायव्हरही. मला तंबाखूच्या गोदामात पानं निवडायला पाठवलं. तिथे माझ्या हातानं काहीच हलायचं नाही. पहिले सहा महिने मी झोपेतसुद्धा हँडल ओढायचे.

तो तुकडा मात्र पुन्हा खचला नाही. आजही नाही. लांब्रेवांचं म्हणणं, वजन. गावाचं म्हणणं वेगळं. बाबा काही म्हणत नसत. पितरांच्या शनिवारी उकडलेले गहू आणि वाइनची बाटली घेऊन आम्ही दोघं फाटकापाशी जायचो. पहारेकरी सन्मानपत्र बघायचा, सलाम ठोकायचा आणि दोन विमानांच्या मधल्या वेळात आत सोडायचा. बाबा डांबरावर वाइन ओतायचे आणि म्हणायचे, "घे, ग्रोझ्दे. दीड वीत कमी होतीस, पण पुरलीस."

ते आणखी नऊ वर्षं जगले. हिवाळ्यात गेले, आपल्या खाटेवर, काही न दुखता. सुतार शवपेटीचं माप घ्यायला आला. त्यानं खिशातून दोरी काढली आणि त्यांच्या डोक्यापाशी एक टोक धरलं.

मी झाडू घेऊन त्याच्यामागे अंगणापर्यंत धावले.

"अहो काकू, माप नको का?"

"अंदाजानं कर!" मी ओरडले. "या घरात कोणी कोणाला मोजायचं नाही."

पेटी दीड वीत जास्त लांब झाली. पायाशी जागा उरली, तिथे मी माझा जुना एप्रन घडी करून ठेवला. त्याला नाडी नव्हती.